आत्मनियंत्रण, इच्छाशक्ती आणि आश्वासनावरील विश्वास : मार्शमॅलो प्रयोगाचा पुनर्विचार

प्रस्तावना

विद्यार्थ्याच्या अपयशाची मीमांसा करताना 'इच्छाशक्तीचा अभाव' हे कारण शिक्षकांच्या चर्चेत वारंवार पुढे येते. हे निदान सोयीचे आहे. ते एकदा उच्चारले की सारा दोष विद्यार्थ्याच्या पदरी पडतो आणि पुढील चौकशीची गरज उरत नाही. व्यक्तिमत्त्वविकासाच्या व्याख्यानांतून या निदानाच्या पुष्ट्यर्थ मार्शमॅलो प्रयोगाचा हमखास दाखला दिला जातो. या प्रयोगातून प्रत्यक्षात काय निष्पन्न झाले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रयोगाचा मूळ प्रश्न

वॉल्टर मिशेल (१९३०–२०१८) यांनी हे प्रयोग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत केले. मुलापुढे खाऊ ठेवला जाई. प्रयोगकर्ता परत येईपर्यंत थांबल्यास अधिक पसंतीचा किंवा दुप्पट खाऊ मिळेल, असे त्याला सांगितले जाई. अनेक प्रयोगांत ही प्रतीक्षा जास्तीत जास्त १५ मिनिटांची असे. कोणते मूल संयमी व कोणते उतावळे, हे ठरविणे हा मिशेल यांचा प्रमुख हेतू नव्हता. प्रतीक्षा कशामुळे सुकर होते, हा त्यांचा प्रश्न होता.

मिशेल व एबेसन यांच्या १९७० च्या अभ्यासातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. दोन्ही पदार्थ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही झाकून ठेवल्यावर हीच सरासरी ११ मिनिटांवर गेली. पुढे १९७५ मध्ये मिशेल व बेकर यांनी मुलांना मनातल्या मनात पदार्थाचे रूप बदलावयास सांगितले. मार्शमॅलो म्हणजे गुबगुबीत पांढरा ढग आहे अशी कल्पना करणारी मुले अधिक काळ थांबली. त्याची गोडी व चव आठवणारी लवकर हरली. मुलांचा वयोगट तोच, बालवाडी तीच. बदलले होते ते केवळ लक्ष कोठे ठेवावयाचे हे. यावरून आत्मनियंत्रण हे काही अंशी शिकता व शिकविता येण्याजोगे तंत्र ठरते. हा निष्कर्ष लोकप्रिय कथनातून जवळजवळ गळून पडला आहे, ही खेदाची बाब होय.

भाकिताची मर्यादा

लोकांच्या स्मरणात राहिला तो १९९० चा अभ्यास. शोडा, मिशेल व पीक यांनी बालवाडीतील प्रतीक्षाकाळ आणि महाविद्यालयीन प्रवेशपूर्व चाचणीतील गुण यांत सहसंबंध दाखविला. मात्र हा संबंध खाऊ समोर उघडा होता आणि कोणतीही युक्ती सुचविलेली नव्हती, अशाच परिस्थितीत आढळला. या गटातील ज्यांचे गुण उपलब्ध झाले, अशी मुले अवघी ३५ होती. शिवाय बालवाडी विद्यापीठाच्या परिसरातील, त्यामुळे पालकही बहुतांशी सुशिक्षित. टायलर वॉट्स, डंकन व क्वान यांनी २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध तपासला. तो मूळच्या सुमारे निम्मा भरला. कौटुंबिक पार्श्वभूमी व सुरुवातीची बौद्धिक क्षमता विचारात घेता त्यातीलही सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला.

इच्छाशक्ती म्हणजे वापराने खर्च होणारा साठा, या रॉय बाउमाइस्टर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीचीही गत फारशी वेगळी नाही. २०१६ मध्ये २३ व २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळांनी घेतलेल्या पडताळ्यांत हा परिणाम नगण्य आढळला. येथे एक भारतीय संदर्भ उल्लेखनीय आहे. कृष्णा सवानी व वेरोनिका योब यांच्या २०१७ च्या अभ्यासात भारतीय सहभागींची कामगिरी मनोनिग्रहाच्या कामानंतर खालावण्याऐवजी सुधारली. श्रमाने मन थकत नाही, उलट तरतरीत होते, अशी धारणा त्यांच्यात अधिक आढळली होती.

विश्वासाचा घटक

थांबणे शहाणपणाचे केव्हा ठरते? दिलेला शब्द पाळला जाईल, अशी खात्री असेल तेव्हाच. सेलेस्ट किड, पामेरी व अ‍ॅस्लिन यांनी २०१३ मध्ये नेमके हेच तपासले. २८ मुलांना प्रथम चित्रकलेचे उत्तम साहित्य आणून देण्याचे आश्वासन देण्यात आले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना 'साहित्य संपले' एवढेच सांगण्यात आले. त्यानंतर मार्शमॅलो समोर ठेवला. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, तर शब्द मोडला गेलेली सुमारे ३ मिनिटे. पहिल्या गटातील १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण १५ मिनिटे काढली. दुसऱ्या गटात असे मूल एकच निघाले. नमुना लहान आहे, हे येथेही विसरता कामा नये. तथापि फसवणुकीचा अनुभव घेतलेल्या मुलाने हाती आहे ते खाणे हा दुबळेपणा नसून हिशेबीपणा आहे.

ही दिशा मिशेल यांना अपरिचित नव्हती. १९५० च्या दशकात त्यांनी त्रिनिदादमध्ये आफ्रिकी वंशाच्या व भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशातील मुलांपुढे आजचा लहान खाऊ की पुढील आठवड्यातील मोठा, असा पर्याय ठेवला होता. वडील घरात नसलेल्या मुलांचा कल आजच्या खाऊकडे अधिक होता. शब्द पाळणाऱ्या पुरुषाचा अनुभव ज्यांना नाही, त्यांनी परक्या माणसावर का विसंबावे, असा विचार मिशेल यांनी पुढे २०१४ च्या आपल्या पुस्तकात मांडला.

म्हणून व्यक्तिगत भेद खोटे ठरत नाहीत. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे १००० मुलांच्या अभ्यासात बालपणीच्या आत्मनियंत्रणाचा वयाच्या ३२ व्या वर्षीच्या आरोग्याशी व आर्थिक स्थितीशी संबंध आढळला. बुद्ध्यंक व सामाजिक वर्ग लक्षात घेऊनही तो टिकला. मात्र तेथील मापन एका खोलीतील १५ मिनिटांचे नव्हते. पालक, शिक्षक व निरीक्षक यांनी वयाच्या ३ ते ११ वर्षांपर्यंत केलेल्या नोंदींचे होते.

महाविद्यालयात मात्र अशा प्रदीर्घ नोंदी नसतात. असतो तो एखाद्या सत्राचा निकाल. ज्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर हाती पडते, ज्याच्या परीक्षेची तारीख दोनदा पुढे ढकलली जाते, ज्याने तपासून मागितलेली वही परतच येत नाही, त्याने दूरच्या फळासाठी आजचे सुख सोडावे अशी अपेक्षा करताना त्याच्यापाशी आतापर्यंत कोणकोणते शब्द पाळले गेले, याची विचारणा क्वचितच होते.