आल्प्समध्ये एप्रिलमध्येही स्कीइंग चालतं, मग दुपार झाली की लोक डोंगर सोडून खाली का येतात?

एप्रिल महिना. इकडे आपण पंखा फुल स्पीडवर ठेवून बसलेलो असतो आणि इन्स्टावर एक रील येते. मागे पांढरेशुभ्र डोंगर, समोर टी-शर्ट घालून उन्हात बसलेली माणसं, हातात कॉफी आणि पायात स्कीइंगचे बूट.

पहिला प्रश्न पडतो, एवढ्या उन्हात हा बर्फ टिकतो कसा? आणि दुसरा, बर्फ आहे तर ही माणसं भरदुपारी स्कीइंग सोडून निवांत का बसलीत?

उत्तरासाठी ऑस्ट्रियातल्या ओबरगुर्गल या छोट्याशा गावात जाऊया.

तिरोल प्रांतातल्या ओत्झ्ताल खोऱ्याच्या पार टोकाला हे गाव आहे. उंची सुमारे १९०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर आणि हे गावच त्याच्यापेक्षा उंच. इथल्या लिफ्ट तर ३००० मीटरच्या वर जातात. पुढे इटलीत उतरणारा टिमेल्सयोख घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत इथे स्कीइंगचा सीझन चालतो.

बर्फ टिकण्याचं पहिलं कारण ही उंचीच. दुसरं म्हणजे ताजा बर्फ ऊन शोषत कमी आणि परत फेकतो जास्त. तिसरं कारण माणसाच्या हातचं आहे. थंडीच्या सुरुवातीला मशीनने पाण्याचे तुषार उडवून कृत्रिम बर्फ तयार करतात. त्याचा घट्ट थर तळाशी बसतो आणि वसंतात तोच कामाला येतो.

आता दुपारचा विषय.

आकाश निरभ्र असेल तर रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि वरचा थर कडक गोठतो. सकाळी आठ वाजता या थरावर स्की घातली तर दगडावरून घसरल्यासारखा खडखड आवाज येतो. ऊन चढलं की वरचे एक-दोन सेंटीमीटर मऊ पडतात. रोज वितळून रोज गोठल्यामुळे या बर्फाचे कण जाड साखरेसारखे गोल झालेले असतात. त्यावरून स्की लोण्यासारखी फिरते. जर्मन बोलणारे लोक याला 'फर्न' म्हणतात आणि एप्रिलमध्ये येणारे जाणकार खास याच्यासाठी येतात.

पण ही मजा उतारागणिक एक-दोन तासांचीच असते. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे आणि शेवटी पश्चिमेकडचे. म्हणून जाणकार मंडळी उन्हाच्या मागोमाग उतार बदलत जातात. दुपारनंतर मात्र गोळेवाल्याच्या गाड्यावरच्या किसलेल्या बर्फासारखा नुसता गाळ होतो. त्यात स्की अडकते, शरीर पुढे जातं आणि गुडघा पिळवटतो. नवख्यांनी तर दमलेल्या पायांनी दुपारी शेवटची एक फेरी मारायचा मोह टाळलेलाच बरा.

आखलेल्या उतारांच्या बाहेर गेलात तर प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

वितळलेलं पाणी बर्फात खाली झिरपतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. ३० अंशांपेक्षा जास्त तिरक्या उतारावर मग ओल्या बर्फाचा अख्खा थर घसरू शकतो. हेच ओलं हिमस्खलन. त्याचा वेग कोरड्या हिमस्खलनापेक्षा कमी असतो, पण वजन प्रचंड असतं आणि थांबल्यावर ते सिमेंटसारखं घट्ट बसतं.

तिरोल, शेजारचा दक्षिण तिरोल आणि त्रेंतिनो हे तीन प्रदेश २०१८ पासून हिमस्खलनाचं एकत्रित बुलेटिन काढतात. त्यात धोक्याच्या १ ते ५ अशा पातळ्या असतात आणि गरज असेल तेव्हा सकाळचा नकाशा वेगळा, दुपारचा वेगळा दिलेला असतो. एकाच डोंगराचा धोका सकाळी १ आणि दुपारी ३ असू शकतो. रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही, तेव्हा सकाळही सुरक्षित नसते. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला किंवा उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडायला लागले, की परत फिरायची वेळ झाली असं समजायचं.

म्हणजे रीलमधली ती माणसं आळशी नाहीत. त्यांचा दिवस संपलाय.

आता या गावाची खरी काळजी. सहा देशांतल्या २००० हून जास्त केंद्रांच्या १९७१ ते २०१९ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आल्प्समध्ये २००० मीटरच्या खाली बर्फ टिकण्याचा काळ साधारण तीन आठवडे ते महिनाभराने घटलाय. खालच्या गावांचा सीझन आटला की पर्यटक ओबरगुर्गलसारख्या उंचावरच्या गावांकडे वळतात. आज हा फायदा वाटतो, पण उंचावरही सगळं आलबेल नाही.

२७ मे १९३१ ला ऑग्युस्त पिकार आणि त्यांचे सहकारी पॉल किप्फर बलूनमधून १५,७८१ मीटर उंचीवर गेले आणि उतरले ते थेट याच गावाच्या वरच्या गुर्गल हिमनदीवर. त्यामुळे गावाचं नाव जगभर गेलं. ती हिमनदी आज आक्रसतेय. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लब दरवर्षी देशातल्या हिमनद्या मोजतो. २०२१-२२ या एका वर्षात त्या सरासरी २८.७ मीटर मागे सरकल्या. शंभरहून जास्त वर्षांच्या मोजणीतला तोवरचा तो सगळ्यात मोठा आकडा होता.

तुम्ही जाणार असाल, तर लिफ्ट कधी बंद होणार ती तारीख आधी बघा. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि बर्फावरून परत उसळून हनुवटीखालीही भाजतात. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कीइंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलंय का ते वाचून घ्या, नाहीतर त्याचं बिल तुमच्याच नावावर येऊ शकतं.

आणि अलार्म लवकरचा लावा. एप्रिलमध्ये तिथला बर्फ सकाळी उठणाऱ्यांचाच असतो.