बाबासाहेबांची फौजदारी वकिली
आमच्या पूर्णेत बाबासाहेब घटनाकार म्हणून घरोघरी ठाऊक आहेत. फौजदारी वकील म्हणून मात्र त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांना अपिलात सोडवलं. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात संपादक र. धों. कर्व्यांची बाजू मांडली, पण तो खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. माझ्या मते वकिलाची उंची या हरलेल्या खटल्यातच जास्त कळते. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं अश्लील नाहीत, हे त्या काळी कोर्टात उभं राहून सांगायला छाती लागायची. आरोपीचा वकील गुन्ह्याला पाठीशी घालतो, असं अनेकांना वाटतं. पण गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. उलटतपासणीच झाली नाही, तर साक्षीतलं खरं-खोटं निवडणार कोण? पुढे घटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला.