तापलेला लग दिसायला हवा

सकाळी 6:30. थर्मल कॅमेरा मी रात्री एसीच्या खोलीत ठेवत नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत गार भिंग बाहेर काढलं की त्यावर दव धरतं. हे भिंग जर्मेनियमचं असतं. साधी काच 8 ते 14 मायक्रॉनचे किरण अडवते, म्हणून वीजपॅनेलच्या काचेतून मोजणी होत नाही, दार उघडावंच लागतं.

8:30. घरडा सर्कलवरून एमआयडीसीत. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, या तारखा इथे कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या दिवशी इथल्या कारखान्यांत झालेल्या दोन्ही स्फोटांत आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. माझं काम रिअॅक्टरचं नाही, वीजपॅनेलचं. पण सॉल्व्हंट हाताळणाऱ्या कारखान्यात सैल जोडाची ठिणगी हलक्यात घ्यायची गोष्ट नाही.

9:30. वायरमन काकांना पहिला प्रश्न, “काका, लोड किती?” प्रवाह निम्मा झाला की जोडातली उष्णता पावपट होते. मशिनं बंद असताना काढलेला फोटो फसवतो. निदान चाळीस टक्के लोड चढेपर्यंत मी थांबतो.

10:15. चेहऱ्यावर शील्ड, हातमोजे, दार उघडं. आधी फोकस. एमिसिव्हिटी, रंगपट्टी, तापमानाची पट्टी हे सगळं नंतर संगणकावर बदलता येतं. धूसर चित्र मात्र धूसरच राहतं.

मग एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभागाची किरण सोडण्याची क्षमता. कॅमेरा तापमान मोजत नाही, पृष्ठभागावरून येणारे किरण मोजतो आणि आपण दिलेल्या आकड्यावरून तापमान काढतो. चकचकीत तांब्याची एमिसिव्हिटी 0.05च्या आसपास, काळ्या इन्सुलेशन टेपची 0.95. सेटिंग 0.95वरच ठेवून 90 अंशांच्या चकचकीत बसबारकडे कॅमेरा रोखला, तर 35 अंशांच्या खोलीत तो चाळिशीच्या आतला आकडा दाखवेल. बसबारमध्ये खोलीचंच प्रतिबिंब पडलेलं असतं. मला सगळ्यात भीती या गार दिसणाऱ्या तांब्याची वाटते. म्हणून शटडाउनमध्ये मोक्याच्या जोडांवर टेपचे तुकडे लावून घेण्याचा माझा आग्रह असतो. टेप नसेल तिथे शेजारच्या केबलचं इन्सुलेशन वाचतो. चुरगाळून परत उलगडलेली अॅल्युमिनियमची फॉइल समोर धरली, एमिसिव्हिटी 1 केली, की परावर्तित तापमानही कळतं.

11:00. रंगपट्टी आपोआप बदलणारी ठेवली तर दोन अंशांचा फरकही लालभडक दिसतो आणि मालक घाबरतो. मी पट्टी हाताने बांधतो, तिन्ही फेजना एकच. आज आर आणि बी सारखेच, वाय फेजचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, 22 अंशांनी वर. क्लॅम्प मीटरने तिन्ही प्रवाह तपासले, जवळपास समान. म्हणजे दोष जोडाचा. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत 15 अंशांहून जास्त फरक आला तर तत्काळ दुरुस्ती, असं अमेरिकेतल्या नेटा संस्थेचं कोष्टक सांगतं.

1:00. डबा.

2:00. उरलेली पॅनेल. ट्रान्सफॉर्मर यार्ड दुपारी घेत नाही, उन्हाने तापलेली टाकी आणि चकाकणारे क्लॅम्प वाचन बिघडवतात.

7:15. ऊन उतरल्यावर यार्ड. नंतर अहवाल: प्रत्येक चित्राखाली लोड, एमिसिव्हिटी, अंतर. वाय फेजसाठी काकांनी रात्रपाळीत शटडाउन मागितला आहे. लग काढून, घासून, टॉर्क रेंचने आवळायचा. पुन्हा लोड चढला की तोच फोटो त्याच सेटिंगवर घ्यायला मी उद्या सकाळी येणार आहे.