अवजारशाळेच्या न्हाणीघराची जमीन

अवजारशाळेस जोडलेल्या न्हाणीघरांत तेलकट पाय व साबणाचें पाणी एकत्र येतें. तेथें गुळगुळीत जमीन म्हणजे हातपाय मोडण्याचें निमंत्रणच होय. यास्तव काँक्रीटवरील थर विचारपूर्वक निवडावा. नवें काँक्रीट २८ दिवस होईपर्यंत थर देऊं नये. नंतर दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद कडा घट्ट चिकटवून एक अहोरात्र ठेवावा. खालीं ओल जमल्यास इपॉक्सी रंगावर खर्च करूं नये. तो फुगून सुटतो. तेथें खरबरीत शहाबादी फरशी सिमेंटांत बसवावी. जमीन कोरडी ठरल्यास इपॉक्सी चालेल, परंतु तो ओला असतांनाच त्यावर बारीक वाळू भुरभुरावी. कोणताही थर दिला तरी मोरीकडे चार फुटांस एक इंच उतार अवश्य ठेवावा.