डेटाची राखण : डीबीए घडतो कसा?

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एक अभियंता डेटाबेसची दुय्यम प्रत दुरुस्त करत होता. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम या सेवेवर साठवतात. दुय्यम प्रत मुख्य सर्व्हरच्या मागे पडली होती. ती पुसून नव्याने भरायची होती. पुसण्याची कमांड मात्र चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

मोठा धक्का पुढेच होता. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या जुन्या आवृत्तीची साधनं वापरत होता, त्यामुळे बॅकअप तयारच होत नव्हता. तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्या चाचणीसाठी घेतलेली एक प्रत तेवढी हाती लागली. तिच्यावरून सेवा उभी राहिली, मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारं तपशीलवार जाहीर केलं आणि एका माणसावर ठपका न ठेवता कारण व्यवस्थेत शोधलं.

डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए, होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं. बॅकअप घेतला जातो हे एक, आणि त्यातून डेटा परत आणता येतो हे दुसरं. या दोन्हींतलं अंतर रोज मिटवत राहणं हा या पेशाचा गाभा आहे.

वाट कोण ठरवतं?

१९७०मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध लिहिला. तोवरच्या डेटाबेसमध्ये एखादी नोंद कुठल्या वाटेने गाठायची, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. डेटा साध्या टेबलांत ठेवा, काय हवं तेवढं सांगा, वाट यंत्रणा शोधेल, असं कॉड यांनी मांडलं. १९७४मध्ये डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा सुचवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८१मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

वाट यंत्रणा निवडते, म्हणून तिने कोणती निवडली हे पाहणारा माणूस लागतो. डीबीएचं शिक्षण इथे सुरू होतं. प्रथम एसक्यूएल पक्कं करा : जोडण्या, गटवारी, उपक्वेरी. मग ‘एक्स्प्लेन’ ही कमांड शिका. क्वेरी सगळं टेबल चाळते आहे की इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्याची सूची, वापरते आहे, हे ती दाखवते. इंडेक्सचं बळ साध्या गुणाकाराने कळतं. इंडेक्सच्या एका पानात ३०० नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पायऱ्यांत ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती गाठता येते. मात्र प्रत्येक इंडेक्समुळे नवी नोंद लिहिण्याचं काम वाढतं. कुठे इंडेक्स ठेवायचा नाही, हे समजायला अनुभव लागतो.

त्यानंतर ट्रान्झॅक्शन. एका खात्यातून हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर? दोन्ही बदल व्हावेत किंवा एकही होऊ नये, याची हमी डेटाबेस देतो, कारण बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो. हाच लॉग जपला, तर ‘दुपारी दोन वाजता होता तसा डेटाबेस द्या’ अशी मागणीही पुरी करता येते. पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे सगळे लॉग, दोन्ही जवळ हवेत.

मोडा आणि उभं करा

हे सगळं शिकायला महागडा क्लास लागत नाही. पोस्टग्रेस मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. दहा लाख नोंदींचं टेबल तयार करा. बॅकअप घ्या. टेबल उडवा. परत आणा. किती मिनिटं लागली, किती नोंदी परत आल्या, कुठे अडलात, हे वहीत लिहा. मग तोच बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहा. त्यानंतर परवानग्यांकडे वळा : अहवाल काढणाऱ्याला फक्त वाचता यावं, खोडता येऊ नये.

पुस्तक हवं असेल तर सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ घ्या. यातले एस. सुदर्शन हे आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. कित्येक देशांत अभ्यासलं जाणारं हे पुस्तक अंशतः पवईत घडलं, याचा मला अभिमान वाटतो.

क्लाउड आल्यावर

क्लाउडने डीबीएची गरज संपवली का, असं विद्यार्थी विचारतात. इन्स्टॉल करणं, पॅच लावणं, ठरल्या वेळी बॅकअप घेणं ही कामं क्लाउडने बरीचशी उचलली आहेत. पण टेबलांची रचना, मंद क्वेरीचं निदान, खर्चाचा हिशेब आणि कोणाला काय दिसावं याचा निर्णय माणसाकडेच आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे परवानग्यांचं काम आता संचालक मंडळापर्यंत पोचलं आहे.

या नोकरीत रात्रीचे फोन येतात. सेवा ९९.९९ टक्के वेळ सुरू ठेवायची म्हटली, तर वर्षभरात साधारण ५३ मिनिटंच ती बंद राहू शकते. त्या मिनिटांत डोकं शांत ठेवणारा माणूस सरावातून घडतो. जिल्ह्याच्या गावी बीएस्सी किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींनाही हा सराव घरबसल्या करता येतो. म्हणून मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर ती वहीही न्या. उडालेला डेटाबेस आपण किती वेळात परत आणला, हे जो आकड्यांसकट सांगू शकतो, त्याच्या हाती लोकांची खाती, सातबारे आणि रुग्णांच्या नोंदी विश्वासाने सोपवता येतात.