तीन स्वरांची राखण

वर्गात मुलांना 'तो आला' असे म्हणायला सांगा. एकदा विधान म्हणून, एकदा प्रश्न म्हणून. शब्द तेच, पण आवाजाची उंची बदलली की अर्थ बदलतो.

आता अथर्वशीर्ष आठवा. कर्जत-खालापूरकडे महडचा वरदविनायक प्रसिद्ध आहे. गणपतीपुढे म्हटला जाणारा हा पाठ मुलांच्या कानावरून गेलेला असतो. त्याला ताल नाही, वाद्यांची साथ नाही. सगळे एकच ओळ जवळजवळच्या तीन स्वरांत म्हणतात. सस्वर छापलेली पोथी पाहा. अक्षराखाली आडवी रेघ असेल तर स्वर खालचा, डोक्यावर उभी रेघ असेल तर वरचा, खूण नसेल तर मधला.

हे स्वर शोभेसाठी नाहीत. 'इंद्रशत्रु' शब्दात उदात्त शेवटी आला तर अर्थ 'इंद्राला मारणारा'. सुरुवातीला आला तर 'इंद्र ज्याला मारील तो'. त्वष्ट्याने यज्ञात इथेच चूक केली आणि त्याचा वृत्र इंद्राच्या हातून मेला, अशी कथा आहे.

युरोपातील ग्रेगोरियन गायनही असेच एकसुरी ओळीचे. तेथे स्वरखुणा नवव्या शतकापासून लिहिलेल्या आढळतात. त्याआधी तिथेही पाठ राखला तो कानांनी आणि गळ्यांनीच.