वायसर नावाची वाटी

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. तिथल्या कुंडाचं पाणी एखाद्या वर्षी आपसूक चढतं, मूर्तीच्या चरणांना लागतं आणि ‘गंगा आली’ म्हणून गर्दी लोटते. मंदिराबाहेर मात्र हापशी हापसावी लागते. तिथे पाणी येणं न येणं एका वायसरवर असतं.

वायसर म्हणजे इंग्रजीतला वॉशर. त्याचा धुण्याशी काय संबंध? बहुधा काहीच नाही. चौदाव्या शतकापासून इंग्रज या भोकाच्या चकतीला वॉशर म्हणतात; का म्हणतात, ते त्यांच्या कोशकारांनाही नीट उलगडलेलं नाही. आपल्याकडे हा घोळच नाही. कपडे धुणारा तो वरठी, सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोन्याचे कण काढणारा तो झारेकरी आणि नटाखालचा तो वायसर. मला तर हा अपभ्रंश मूळ शब्दापेक्षा शहाणा वाटतो.

नट नुसताच आवळला तर लाकडात रुततो. खाली चकती असली की दाब पसरतो. टिनाच्या हुकाखाली डांबराचा वायसर नसेल, तर पहिल्याच पावसात घरात गंज-बादल्या मांडा.

हापशीतला वायसर मात्र चपटा नसतो. चामड्याची किंवा रबराची छोटी वाटीच ती. दांडा दाबला की खोल नळकांड्यात वाटी वर सरकते. डोक्यावरच्या पाण्याचं वजन तिच्या कडा बाहेर फाकवतं आणि त्या पितळी भिंतीला घट्ट बसतात. म्हणजे ओझं वाढेल तशी पकड घट्ट! दांडा वर गेला की कडा सैलावतात, झडप उघडते, वाटी पाण्यातून खाली उतरते.

ही हापशी आपल्याच मुलखात घडली. साठच्या दशकात जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने मजबूत पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला आणि पुढे युनिसेफच्या मदतीने त्याचा ‘इंडिया मार्क २’ झाला. खोड एकच. एवढीशी वाटी बदलायला तीन-तीन मीटरचे सगळे पाइप उपसावे लागतात. ‘मार्क ३’मध्ये वरचा पाइपच रुंद केला; त्यातून वाटी सरळ ओढून काढता येते.

तुमच्या हापशीला पाणी यायला पंधरा-वीस हेलकावे लागत असतील, तर खाली वाटी झिजलीय किंवा झडप गळतेय. पुरती बंद पडायची वाट पाहू नका, आजच ग्रामपंचायतीत सांगा.